रक्तातले कॅल्शियम ९.४ आहे, मग गोळी कशाला?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमचे वय ५४ आहे आणि पाळी जाऊन तीन वर्षे झाली आहेत. तुम्ही शाकाहारी आहात, दूध प्यायले की पोट फुगते, आणि थायरॉईडची गोळी रोज सकाळी चालू आहे. चार वर्षांपूर्वी मुतखड्याचा त्रास झाला होता. गुडघे दुखतात म्हणून दाखवायला गेल्यावर डॉक्टरांनी ५०० मिलिग्रॅम कॅल्शियमची गोळी दिवसातून दोनदा लिहून दिली, परंतु रक्ताच्या तपासणीत कॅल्शियम ९.४ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर), म्हणजे अगदी व्यवस्थित आले. त्यामुळे गोळीची गरजच काय, ती आयुष्यभर घ्यायची का, तिने पुन्हा मुतखडा होईल का आणि नात्यातल्या काकू सांगतात तसा विड्याचा चुना घेतला तर चालेल का, असे तुम्ही विचारले आहे. गेल्या वर्षी ७९ वर्षांच्या आईंचे खुब्याचे हाड मोडले, हे तुम्ही अगदी शेवटी, एका ओळीत लिहिले आहे. माझ्या दृष्टीने तुमच्या संपूर्ण पत्रातील सर्वांत महत्त्वाची ओळ तीच आहे.

मी आहारतज्ज्ञ आहे आणि हाडांच्या विकारांच्या रुग्णांना आहार ठरवून देण्याचे काम बरीच वर्षे करते आहे. तुमच्या मनात ‘गोळी घ्यावी की घेऊ नये’ एवढाच प्रश्न आहे, परंतु त्याचे उत्तर देण्याआधी दुसरे तीन प्रश्न सोडवावे लागतात. रोजच्या जेवणातून तुमच्या पोटात किती कॅल्शियम जाते? त्यातले शरीरात किती शोषले जाते? आणि तुमचे हाड मोडण्याचा धोका प्रत्यक्षात किती आहे? यांपैकी एकाचेही उत्तर ९.४ या आकड्यात नाही.

ते का नाही, हे नीट समजून घ्या, कारण बहुतेक गैरसमज येथूनच सुरू होतात. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण एक किलो कॅल्शियम असते आणि त्यातील सुमारे ९९ टक्के हाडांत व दातांत असते. उरलेले एक टक्का रक्तात आणि पेशींत फिरत असते. पण हृदयाचे ठोके, स्नायूंचे आकुंचन, मज्जातंतूंचे संदेश आणि रक्त गोठणे ही सगळी कामे त्या एका टक्क्यावर चालतात. म्हणून रक्तातील पातळी साधारण ८.५ ते १०.५ या अरुंद पट्ट्यात ठेवण्यासाठी शरीर जिवाचे रान करते. मानेत थायरॉईडच्या मागे पॅराथायरॉईड नावाच्या चार छोट्या ग्रंथी असतात. रक्तातले कॅल्शियम किंचित जरी घसरले तरी त्यांचे संप्रेरक वाढते, मूत्रपिंडातून बाहेर जाणारे कॅल्शियम अडवले जाते, ड जीवनसत्त्व त्याच्या कार्यक्षम रूपात आणून आतड्यातले शोषण वाढवले जाते, आणि एवढ्यानेही भागले नाही तर हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणले जाते. म्हणजे आहारात वर्षानुवर्षे तूट असली तरी रक्ताचा अहवाल चांगलाच येतो, कारण ती तूट हाडे भरून काढत असतात. रक्तातील कॅल्शियम कमी किंवा जास्त आले तर त्यामागे पॅराथायरॉईड, मूत्रपिंड, ड जीवनसत्त्वाची तीव्र कमतरता असे काही कारण शोधावे लागते, म्हणून ती तपासणी उपयुक्त आहेच. परंतु हाडांची अवस्था तिच्यातून कळत नाही.

गुडघ्यांचा विषय येथेच बाजूला ठेवते. या वयात गुडघे दुखण्याचे नेहमीचे कारण म्हणजे सांध्यातील कूर्चेची झीज. तिचा कॅल्शियमच्या तुटीशी थेट संबंध नसतो आणि कॅल्शियमच्या गोळीने गुडघेदुखी थांबत नाही. मांड्यांचे स्नायू बळकट करणारे व्यायाम आणि वजनावर नियंत्रण हेच तेथे उपयोगी पडते. उलट हाडे ठिसूळ होत असताना काहीही दुखत नाही. हाड मोडेपर्यंत पत्ता लागत नाही, ही या विकारातली खरी अडचण आहे. नखांवरचे पांढरे ठिपकेही कॅल्शियमच्या कमतरतेचे लक्षण नाहीत.

आता तुमच्या ताटाकडे वळू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०१० साली प्रौढांसाठी दिवसाला ६०० मिलिग्रॅम कॅल्शियम सुचवले होते. २०२० साली ते १००० केले आणि पाळी गेलेल्या स्त्रियांसाठी १२०० ठरवले. तुम्ही दिवसभराचा आहार लिहिला आहे, तो असा: दोन वेळा चहा, सकाळी पोहे किंवा उपमा, दुपारी पोळ्या, पालकाची किंवा माठाची भाजी, आमटी, भात आणि पेलाभर पातळ ताक, रात्री ज्वारीची भाकरी आणि पिठले. चहातील दूध दोन्ही वेळचे मिळून शंभर मिलिलिटर धरले तर त्याचे १२०, ताकात जेमतेम पन्नास ग्रॅम दही असावे म्हणून त्याचे साठेक, पोळ्या, भाकरी, भात आणि पोहे या सगळ्यांचे मिळून सत्तर-ऐंशी, डाळ आणि बेसनाचे तीस-चाळीस, भाज्यांचे शंभरच्या आसपास. बेरीज पावणेचारशे ते चारशे होते. कोणाच्या घरी चहा दाट असतो, कोणी ताक घट्ट करते, त्यामुळे आकडा थोडा मागेपुढे होईल. परंतु दूध वगळलेल्या शाकाहारी ताटात मला बहुधा हाच आकडा दिसतो. गरजेच्या एक तृतीयांश.

शिवाय पोटात गेलेले सगळे कॅल्शियम रक्तात पोहोचत नाही. दुधातले सुमारे ३० टक्के शोषले जाते. पालकातले मात्र केवळ ५ टक्क्यांच्या आसपास, कारण पालकातील ऑक्झॅलेट हा नैसर्गिक घटक कॅल्शियमला घट्ट धरून ठेवतो. शंभर ग्रॅम पालकात कागदावर ऐंशीच्या आसपास मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि शरीराला त्यातले चार मिळते. माठ, चाकवत आणि अळू यांतही ऑक्झॅलेट भरपूर असते. या भाज्या वाईट नाहीत, लोह व इतर घटकांसाठी त्या जरूर खाव्यात. परंतु त्यांच्या भरवशावर कॅल्शियमचा हिशेब मांडू नये. मेथी आणि शेवग्याचा पाला या बाबतीत पालकापेक्षा बरे. ज्यांना मुतखडा झालेला आहे त्यांनी रोज पालक खाणे तर टाळावेच.

नाचणीबद्दल मला अधिक लिहावेसे वाटते, कारण तृणधान्यांत तिच्या जवळपासही कोणी नाही. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच ज्वारीत पंचवीस-तीस आणि तांदळात दहाच्या आसपास. मात्र हे कॅल्शियम दाण्याच्या बाहेरच्या थरात एकवटलेले असते. त्यामुळे नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून केलेले पांढरेशुभ्र सत्त्व पचायला हलके असले तरी चोथ्याबरोबर कॅल्शियमचा मोठा भाग फेकला जातो. मोड आणून, वाळवून, न चाळता दळलेले पीठ वापरावे. मोड आणल्याने किंवा आंबवल्याने दाण्यातील फायटेट (कॅल्शियमला बांधून ठेवणारा घटक) कमी होते आणि शोषण सुधारते, म्हणून कोकणात आणि घाटावर पूर्वीपासून होणारी आंबील हा फार चांगला पदार्थ आहे. पन्नास ग्रॅम पिठाच्या एका मोठ्या भाकरीतून तुम्हाला १७५ मिलिग्रॅम मिळतील. बाजारातील ‘नाचणीची बिस्किटे’ घेताना मात्र वेष्टनावर नाचणीचे प्रमाण वाचा. त्यांत मैदा आणि साखरच अधिक असते, असे पुष्कळदा दिसते.

तिळाची ख्याती मोठी आहे. सालीसकट तिळाच्या शंभर ग्रॅममध्ये हजार मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असते, हे खरे आहे. परंतु आपण रोज शंभर ग्रॅम तीळ खात नाही. चटणीतून दहा ग्रॅम गेले तर शंभर-सव्वाशे मिलिग्रॅम झाले, आणि त्यातलाही बराचसा भाग सालीतील ऑक्झॅलेटने बांधलेला असतो. साल काढलेल्या पांढऱ्या तिळात तर कॅल्शियम फारच कमी उरते. तिळाची चटणी रोज घ्यावी, पण ती भर म्हणून.

मग तूट भरून काढायची कशी? तुम्हाला दूध पचत नाही याचा अर्थ दही पचणार नाही असा होत नाही. दूध विरजताना त्यातील दुग्धशर्करा काही प्रमाणात घटते आणि दह्यातील जिवाणू उरलेली पचवायला मदत करतात, त्यामुळे दुधाने पोट फुगणाऱ्या पुष्कळ जणांना ताजे दही सोसते. आधी अर्धी वाटी, आठवडाभराने एक वाटी, असे करत दोन्ही जेवणांत मिळून तीनशे ग्रॅमपर्यंत जा. त्यातून साडेतीनशेच्या वर मिलिग्रॅम मिळतील आणि ते चांगले शोषलेही जातील. फॅट काढलेल्या दुधाचे दही घेतले तरी कॅल्शियम कमी होत नाही. घरी लिंबाने दूध फाडून पनीर करत असाल तर त्याचे पाणी ओतू नका. आंबटपणामुळे कॅल्शियमचा काही भाग त्या पाण्यात उतरतो, म्हणून कणीक किंवा आमटीसाठी ते वापरा. रात्रीचे पिठले आठवड्यातून तीन वेळा कुळथाचे करा. कुळथात शंभर ग्रॅमला २७० ते २८० मिलिग्रॅम असते, हरभऱ्याच्या डाळीपेक्षा कितीतरी अधिक. मात्र मुतखडा पाडण्याचे औषध म्हणून कुळथाचे कढण पिण्याविषयी मी येथे बोलत नाही.

मिठाकडेही लक्ष द्या. दर सहा ग्रॅम मिठामागे सुमारे ४० मिलिग्रॅम कॅल्शियम लघवीवाटे निघून जाते. ऐकायला आकडा लहान वाटतो. परंतु तुमच्या सध्याच्या आहारातून रोज शंभर-सव्वाशे मिलिग्रॅमच शोषले जात असेल, तर पापड, लोणचे आणि फरसाण यांपायी जाणारे चाळीस हे मोठे नुकसान आहे. चहाने होणारे नुकसान त्या मानाने किरकोळ आहे. चहा सोडण्याची गरज नाही.

ड जीवनसत्त्वाची तपासणी तुम्ही केलेली दिसत नाही, ती करून घ्या. ते पुरेसे नसेल तर आहारातील कॅल्शियमपैकी जेमतेम १० ते १५ टक्के शोषले जाते. पुरेसे असेल तर ३० ते ४० टक्के. सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात फिरण्याचे इतर फायदे असतील, परंतु त्या वेळच्या तिरप्या किरणांतून ड जीवनसत्त्व नगण्य तयार होते. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान असते अशा वेळी, म्हणजे साधारण अकरा ते दोनच्या दरम्यान, हात-पाय उघडे ठेवून वीस-पंचवीस मिनिटे उन्हात राहावे लागते, आणि नोकरी करणाऱ्या किंवा घरात अडकलेल्या स्त्रीला ते रोज जमत नाही, हे मी जाणते. पातळी कमी आली तर डॉक्टर बहुधा ६०,००० एककांची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा, सुमारे आठ आठवडे देतात. पुढे ती सहसा महिन्यातून एकदाच घ्यायची असते. ठरलेली मुदत संपल्यावरही आपल्याच मनाने दर आठवड्याला तीच पुडी घेत राहणारे लोक मी पाहिले आहेत. ड जीवनसत्त्व साठून रक्तातील कॅल्शियम धोकादायक पातळीवर जाऊ शकते आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते, म्हणून असे मुळीच करू नका.

आता गोळी. माझे मत असे की तुम्हाला पूरक कॅल्शियम लागेल, पण रोज हजार मिलिग्रॅम लागणार नाही. दही, नाचणी, कुळीथ आणि तिळाची चटणी ताटात खरोखर आली तर आहारातूनच नऊशे-हजारपर्यंत पोहोचता येईल. मग अर्धी गोळी पुरे. ती सवय लागेपर्यंत, किंवा लागलीच नाही तर, ५०० ची एक गोळी. हे डॉक्टरांना दाखवा आणि त्यांच्या संमतीनेच बदल करा, कारण त्यांनी हजारांचा डोस तुमचा आहार शून्य धरून दिला असण्याची शक्यता आहे. वेष्टनावर ‘कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम’ असे लिहिले असेल तर गोंधळू नका; कार्बोनेटमध्ये ४० टक्केच कॅल्शियम असते, म्हणजे ती ५०० चीच गोळी आहे. शरीर एका वेळी ५०० च्या वर फारसे शोषून घेऊ शकत नाही, म्हणून दोन गोळ्या एकदम घेण्याने काहीही साधत नाही.

वेळेच्या बाबतीत तुमच्यासाठी महत्त्वाची गोष्ट थायरॉईडची गोळी ही आहे. कॅल्शियम तिचे शोषण अडवते, म्हणून दोहोंमध्ये किमान चार तासांचे अंतर हवे. सकाळी उठल्यावर थायरॉईडची गोळी घेता, तर कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर घ्या. लोहाची गोळी असेल तर तीही वेगळ्या वेळी. कार्बोनेट शोषले जायला जठरातील आम्ल लागते, त्यामुळे ते जेवणासोबतच घ्यावे. ॲसिडिटीसाठी पँटोप्राझोलसारखी गोळी रोज चालू असेल तर डॉक्टरांकडून सायट्रेट प्रकारातील कॅल्शियम मागून घ्यावे. शिवाय टीएसएच, म्हणजे थायरॉईडचा डोस बरोबर आहे का हे दाखवणारी रक्ताची तपासणी, करत राहा. थायरॉईडचा डोस गरजेपेक्षा जास्त झाला आणि टीएसएच फार खाली गेले, तर हाडांची झीज वाढते.

मुतखड्याची भीती स्वाभाविक आहे, कारण बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झॅलेटचे असतात. त्यावरून कॅल्शियम बंद करा असा सल्ला दिला जातो आणि तो चुकीचा आहे. इटलीत वारंवार मुतखडा होणाऱ्या १२० पुरुषांचा पाच वर्षे अभ्यास झाला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला कॅल्शियम कमी असलेला आहार दिला; दुसऱ्या गटाला नेहमीइतके, म्हणजे सुमारे १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम, पण मीठ आणि मांसाहार कमी असलेला आहार दिला. दुसऱ्या गटात पुन्हा खडा होण्याचे प्रमाण जवळपास निम्मे होते. जेवणातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झॅलेटला बांधते आणि ते शौचावाटे निघून जाते, हे त्याचे एक कारण. गोळ्यांचे मात्र थोडे वेगळे आहे. अमेरिकेत ३६ हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४०० एकक ड जीवनसत्त्व देण्यात आले, तेव्हा मुतखड्याचे प्रमाण १७ टक्क्यांनी वाढले होते. म्हणून माझा आग्रह असा: शक्य तितके ताटातून, उरलेलेच गोळीतून, आणि गोळी जेवणासोबत. दिवसभरात दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी हवे. खड्याचा प्रकार तपासला नसेल तर चोवीस तासांच्या लघवीतील कॅल्शियम एकदा मोजून घ्या. ते फार जास्त आले तर माझा वरचा सल्ला बदलावा लागेल.

विड्याच्या चुन्याबद्दल थोडक्यात. ‘गव्हाच्या दाण्याएवढा’ चुना म्हणजे पन्नासेक मिलिग्रॅम. तो पूर्ण कोरडा आणि शुद्ध धरला तरी त्यातून पंचवीस-सत्तावीस मिलिग्रॅमच कॅल्शियम मिळेल, म्हणजे दोन चमचे दह्याइतके. तेवढ्यासाठी तोंडाला आणि अन्ननलिकेला भाजणारा, शुद्धतेची खात्री नसलेला पदार्थ रोज घेण्यात काहीच अर्थ नाही.

आता धोक्याविषयी. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत इस्ट्रोजेन कमी झाल्यामुळे हाडांची झीज सर्वांत वेगाने होते. तुम्ही त्याच काळात आहात, आणि आईंचे खुब्याचे हाड मोडलेले असणे हा स्वतंत्र धोका आहे. म्हणून डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करून घ्या, कमरेच्या मणक्यांची आणि खुब्याची. औषधाच्या दुकानाबाहेर किंवा सोसायटीत टाचेवर यंत्र लावून होणाऱ्या मोफत शिबिरातील आकड्यावर निदान करता येत नाही. डेक्साचा टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडांशी तुलना करून दिलेला आकडा) उणे एकच्या वर असेल तर आहार, गरजेपुरती गोळी आणि चालणे, जिने चढणे, वजन उचलण्याचे हलके व्यायाम एवढ्यावर भागेल. उणे अडीच किंवा त्याहून खाली असेल तर त्याला ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा, म्हणतात आणि तेथे केवळ कॅल्शियमने भागत नाही, हाडांची झीज रोखणारी औषधे लागतात. गोळी आयुष्यभर घ्यायची का, हे या अहवालावर आणि ताट किती सुधारते यावर ठरेल.

शेवटी आईंबद्दल, जरी तुम्ही त्यांच्याविषयी काही विचारलेले नाही. त्यांची शस्त्रक्रिया झाली आणि ‘नंतर कॅल्शियम चालू आहे’, एवढेच तुम्ही लिहिले आहे. फ्रान्समध्ये वृद्धाश्रमांत राहणाऱ्या ३२७० वयस्क स्त्रियांना रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८०० एकक ड जीवनसत्त्व देऊन पाहिले तेव्हा दीड वर्षात खुब्याची हाडे मोडण्याचे प्रमाण ४३ टक्क्यांनी कमी झाले होते. हा अभ्यास १९९२ सालचा. त्या स्त्रियांच्या शरीरात दोन्हींची मोठी तूट होती. वर सांगितलेल्या अमेरिकी प्रयोगातील स्त्रियांना मुळातच पुरेसे कॅल्शियम मिळत होते आणि तेथे असा स्पष्ट फायदा दिसला नाही. त्यामुळे आईंना दोन्ही द्यायलाच हवे. पण किरकोळ पडण्याने खुबा मोडला असेल तर डेक्साचा आकडा काहीही असो, त्यांना ऑस्टिओपोरोसिस आहे असेच समजले जाते, आणि दुसरे हाड मोडण्याचा धोका पुढच्या एक-दोन वर्षांत सर्वांत जास्त असतो. आठवड्यातून एकदा घ्यायची अ‍ॅलेन्ड्रोनेटची गोळी किंवा वर्षातून एकदा दिले जाणारे झोलेड्रोनिक आम्लाचे इंजेक्शन अशी औषधे त्यासाठी आहेत. ती देण्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी तपासणी), कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासावे लागते, कारण ड जीवनसत्त्व कमी असताना इंजेक्शन दिले तर रक्तातील कॅल्शियम एकदम घसरू शकते. शस्त्रक्रिया नीट पार पडते आणि हे औषध मात्र सुरूच होत नाही, असे माझ्याकडे येणाऱ्या अनेक घरांत घडलेले असते. तुम्ही स्वतःच्या तपासणीला जाल तेव्हा आईंचे डिस्चार्ज कार्ड बरोबर न्या आणि त्यांच्यासाठी यांपैकी कोणते औषध चालेल, हे त्याच भेटीत विचारा.